कोळशाची घट

धानवडी, ता. सेलू
१२ फेब्रुवारी १९७९

चि. गुलाब यास बाईचा जय भीम आणि आशीर्वाद.

तू सलाईनच्या कारखान्यात केमिस्ट झालास तेव्हापासून वस्तीत माझा भाव वधारला आहे. कोणाचं पोट दुखलं तरी "तुहा भाऊ औषधाच्या कारखान्यात हाय ना" म्हणून मलाच विचारतात. मी ओवा खायला सांगते आणि तुझं नाव राखते. आज मात्र खरंच तुला विचारायचं आहे, तेव्हा हे पत्र उभ्याउभ्या वाचू नकोस. बसून वाच.

संस्थेच्या रंगशाळेत मी लागले हे तुला माहीत आहे. खादीचं सूत रंगवायचं काम. आम्ही आठ बाया, निम्म्या आपल्या वस्तीतल्या, निम्म्या गावातल्या. डोक्यावर छत आहे, बारमाही काम आहे, आणि उन्हात दुसऱ्याच्या वावरात वाकावं लागत नाही. रंगाचं उरलेलं पाणी आम्ही नाल्यात सोडतो. तो नाला वस्तीमागून जातो आणि नाल्याला लागूनच आपली विहीर.

गेल्या महिन्यात सासूबाईंनी भात टाकला तो गुलाबी झाला. त्या म्हणाल्या, "आज काय सण हाय वो?" आम्ही हसलो. मग वस्तीतल्या चिंधूबाबांनी बादली काढून उन्हात धरली, तर पाणीच लालसर. ही विहीर त्यांनी, माझ्या सासऱ्यांनी आणि सगळ्या वस्तीने धर्मांतराच्या पुढच्याच वर्षी पहारीने खणली. तू सेलूच्या शाळेसाठी माझ्याकडे राहायचास तेव्हा सकाळची पहिली बादली तूच काढायचास.

आता चिंधूबाबा म्हणतात, रंगशाळा बंद करा. संस्थेच्या कमिटीतले रूपराव म्हणतात, त्यात काय, गावातल्या वरच्या विहिरीवर या, आता काय कोणी अडवते? ते वाईट मनाने म्हणत नाहीत. पण सासूबाईंनी ऐकलं आणि म्हणाल्या, "त्या विहिरीवर म्या वाट पाह्यली हाय. कोणाले दया येईन अन् वरून पानी ओतन म्हून. आता मले पालखीत बसवून नेलं तरी तिथं जात नाई." तोवर शाळेजवळच्या हापशीवरून आणतो, पण ती दोन दिवस चालते आणि चार दिवस रुसते.

रंगशाळा गेली तर आठ घरांचं काम जातं. विहीर गेली तर काय जातं ते तुला सांगायला नको. आणि मी दोन्हीकडची. दिवसा रंग ओतते आणि संध्याकाळी तेच पाणी भरायला जाते. पाण्यात गेलेला रंग परत काढता येतो का रे?

तुझ्या भाऊजींनी सेवाग्रामच्या दवाखान्यातून सलाईनची रिकामी काचेची बाटली आणली. तीत विहिरीचं पाणी भरून, ओळखीचा माणूस तिकडे येतो आहे त्याच्याबरोबर पाठवते.

तुझी,
तानाबाई


अंबरनाथ
३ मार्च १९७९

ती. बाईस, सप्रेम जय भीम.

पत्र बसून वाचलं. बाटली मिळाली. बाटलीवर छाप आमच्याच कारखान्याचा निघाला. इथून ग्लुकोज भरून गेलेली बाटली आपल्या विहिरीचं पाणी घेऊन परत आली, हे पाहून मी थोडा वेळ ती टेबलावर नुसती ठेवून दिली.

पाणी तपासलं. रंग आहे, आणि तो पिण्याजोगा नाही. हापशी कितीही रुसली तरी तूर्त तिचीच मनधरणी करा.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर: रंग काढता येतो. आमच्याकडे ग्लुकोजचं पाणी आधी चहासारखं पिवळं असतं. ते एका खास कोळशातून गाळलं की पांढरंस्वच्छ होतं. हा आपल्या चुलीतला कोळसा नव्हे. नारळाच्या करवंट्यांचा कोळसा वाफेवर तापवून करतात, त्याला डोळ्यांना न दिसणारी लाखो भोकं पडतात आणि रंग त्यांत जाऊन चिकटतो. तुम्ही असं करा. रंगाचं पाणी आधी एका पिंपात घेऊन चुना आणि तुरटी टाका, गाळ बसू द्या. मग दुसऱ्या पिंपात वाळूतून गाळा. मग तिसऱ्या पिंपात हा कोळसा भरून त्यातून हळूहळू जाऊ द्या. घाई केलीस तर रंग तसाच निघून जाईल. तुझ्या स्वभावाला हे अवघड आहे, मला कल्पना आहे.

काही आठवड्यांनी कोळशाची भोकं भरतील आणि रंग खाली उतरायला लागेल. तेव्हा तो फेकायचा नाही. दरवेळी नवा घेणं संस्थेला झेपणार नाही. तो धुऊन, वाळवून, मडक्यात भरून, झाकण मातीने लिंपून लालभडक होईस्तोवर तापवायचा. झाकणाला सुईएवढं भोक ठेवा, आतला धूर निघायला. आतला रंग जळून जातो आणि कोळसा पुन्हा कामाचा होतो. हवा मात्र लागता कामा नये. हवा लागली की कोळसाच जळतो. गावात कुंभाराची भट्टी आहेच.

संस्थेच्या सेक्रेटरींना वेगळं पत्र घालतो. त्यांनी मागणी केली तर दोन पोती पाठवण्याची व्यवस्था होईल. आणि एक लक्षात ठेव: पाणी स्वच्छ दिसलं म्हणजे स्वच्छ झालं असं नाही. डोळ्यांवर विश्वास ठेवू नकोस. दरवेळी बाटली पाठव.

तुझा,
गुलाब


धानवडी
२९ एप्रिल १९७९

चि. गुलाब यास आशीर्वाद.

पोती आली. सेक्रेटरी सदाशिवराव भला माणूस आहे, त्यांनी तुझं पत्र कमिटीत मोठ्याने वाचून दाखवलं आणि ज्या ओळी कळल्या नाहीत त्या आणखी मोठ्याने वाचल्या. पिंपं मांडली. पहिल्या दिवशी तिसऱ्या पिंपाच्या नळातून पाणी आलं, आणि आम्ही आठही बाया नळाभोवती वाकलो. वरून लाल ओतलेलं आणि खालून आपल्या माठातल्यासारखं. गावातल्या आनंदाबाईने तर पिंपाच्या मागे जाऊन पाहिलं, कोणी दुसरं पाणी ओतून तर नाही राहिलं.

मग महिनाभराने रंग उतरला. कोळसा धुऊन, वाळवून महादेव कुंभाराकडे नेला. त्याने मडक्यात हात घालून पाहिलं आणि म्हणाला, "कोळसा भाजून कोळसाच निघन, तं भाजता काऊन?" मी म्हटलं, माझा भाऊ सांगतो म्हणून. त्याने भाजला. पण भाजून काय झालं ते पाहायची त्याला एवढी घाई, की भट्टी पुरती निवायच्या आत एक मडकं काठीने बाहेर ओढून झाकण काढलं. आत लाल निखारे दिसले, म्हणून तो खूश झाला. आम्ही पाहतोय तोवर त्या निखाऱ्यांची राख झाली. "तुह्या भावाले सांगू नको" म्हणाला. म्हणून सांगते आहे.

बाकीची मडकी दुसऱ्या दिवशी गार झाल्यावर उघडली. कोळसा काळा, कोरडा, हातात घेतला तर वाजणारा. पिंपात भरला आणि पाणी पुन्हा पहिल्यासारखं उतरलं. महादेव आता येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतो की ही विद्या त्याच्या आजोबांची आहे.

बाटली पाठवते. ही तिसऱ्या पिंपाची.

तुझी,
तानाबाई


अंबरनाथ
१४ मे १९७९

ती. बाईस, सप्रेम जय भीम.

बाटली तपासली. उत्तम. आमच्या साहेबांना दाखवली, त्यांचा विश्वास बसेना. महादेवच्या आजोबांना माझा नमस्कार सांग.

मडकी गार झाल्याशिवाय उघडू नका, हे आता वेगळं सांगायला नको. प्रत्येक भाजणीला थोडी घट येणारच. दहा वाट्यांमागे एक वाटी गेली तर समजून घ्यायचं. त्याहून जास्त गेला तर हवा शिरते आहे असं समज आणि मला कळव.

विहिरीला वेळ लागेल. तिच्या झऱ्यांत जुना रंग मुरला आहे. पावसाळा जाऊ दे.

तुझा,
गुलाब


धानवडी
९ ऑक्टोबर १९७९

चि. गुलाब यास आशीर्वाद.

पावसाळा चांगला गेला. विहिरीचा रंग धुऊन निघाला, मी पाठवलेल्या मागच्या दोन बाटल्यांवरून तुलाही ते दिसलंच असेल. अजून पीत नाही, वापरतो. चिंधूबाबा रोज एक बादली काढतात आणि विहिरीलाच परत ओततात. विचारलं तर म्हणतात, "तिले सवय राह्यली पाह्यजे."

काळजीची गोष्ट एकच. कोळसा फार घटतो आहे. प्रत्येक भाजणीनंतर जवळजवळ चौथाई कमी. तू सांगितलंस तशी झाकणं लिंपतो, महादेव आता मडक्याला बोटही लावत नाही, तरी घटतोच. दिवाळीची मागणी आहे, रंगाचं काम दुप्पट आहे, आणि पिंप अर्ध्यावर आलं आहे.

घरी सगळे बरे. सासूबाईंची दाढ गेली वर्षभर ठणकत होती, ती थांबली. आता त्या हसतात तेव्हा तोंडभर हसतात, आणि या वयात दात असे चमकतात की गावातल्या बाया मुद्दाम पाहायला येतात. दारात सकाळपासून वर्दळ असते. त्यांना एवढं खुशीत मी लग्नानंतर पहिल्यांदाच पाहते आहे. तेवढं एक बरं चाललं आहे.

तुझी,
तानाबाई


अंबरनाथ
२ नोव्हेंबर १९७९

ती. बाईस, सप्रेम जय भीम.

चौथाई घट म्हणजे फार झाली. हवा शिरते आहे, दुसरं कारणच नाही. झाकणं तुम्ही नीट लिंपत नाही. माती वाळली की तिला भेगा पडतात, त्या तुम्हाला दिसत नसतील. मातीत शेण आणि भुसा मिसळा, दोन थर द्या. मडकं भट्टीच्या मध्यभागी ठेवा. आणि भाजणीच्या दिवशी बायांनी गप्पा कमी मारल्या तर बरं.

एवढं करूनही घट थांबली नाही, तर गावातल्या भट्टीत हे होण्यासारखं नाही असं मला म्हणावं लागेल. अर्धवट भरलेल्या पिंपातून पाणी सोडणं हे न गाळता सोडण्यासारखंच आहे. तशी वेळ आली तर रंगाचं काम बंद ठेवा.

तुझा,
गुलाब


धानवडी
२ जानेवारी १९८०

चि. गुलाब यास आशीर्वाद.

तुझ्या पत्राचं उत्तर मुद्दाम लवकर दिलं नाही. राग आला होता. गप्पा कमी मारा म्हणतोस. भाजणीच्या दिवशी भट्टीपुढे मी बसते, तू कागदापुढे बसतोस. लिंपण मी स्वतः करते. शेण घातलं, भुसा घातला, तीन थर दिले. महादेव म्हणाला, "एवढं तं माह्या पोरीच्या लग्नात घर नाई लिंपलं." तरी कोळसा घटला. आता पिंपाच्या तळाशी हातभर उरला आहे.

आणि परवा विहिरीच्या पाण्यावर पुन्हा लाली दिसली. अगदी पुसट, पण चिंधूबाबांना दिसली. त्यांनी बादली विहिरीला परत ओतली नाही, बाहेर सांडून टाकली. आणि माझ्याकडे न पाहता घरी गेले. रागावले असते तर बरं झालं असतं.

कमिटीची सभा संक्रांतीनंतर आहे. नवीन पोती घ्यायची संस्थेची तयारी नाही. रूपराव म्हणतात, बायांच्या हलगर्जीपणाने कोळसा जळतो, हा खटाटोपच बंद करा, वस्तीला वरच्या विहिरीचं पाणी द्या आणि रंगाचं काम चालू राहू द्या. चिंधूबाबा म्हणतात, रंगशाळेला कुलूप. दोघांपैकी कोणाचं काही झालं तरी माझंच काहीतरी जाणार. तू सभेला ये. तुझं ऐकतील. तू आलास की सासूबाईंनाही आनंद होईल, तुझ्यासाठी त्यांनी तिळाचे लाडू राखून ठेवले आहेत.

तुझी,
तानाबाई


अंबरनाथ
१२ जानेवारी १९८०

ती. बाईस, सप्रेम जय भीम.

तुझं पत्र उशिरा मिळालं. कारखान्याची यंत्रं खोलून ठेवली आहेत, रजा मिळत नाही. साहेबांकडे दोनदा गेलो. लाडूंचा आणि तुझाही अपराधी आहे. गप्पांबद्दल लिहिलं ते मागे घेतो.

काल रात्रपाळी नव्हती, म्हणून तुझी सगळी पत्रं ओळीने पुन्हा वाचली. ऑक्टोबरच्या पत्रात तू आधी कोळशाची घट लिहिली आहेस आणि लगेच खाली सासूबाईंच्या दातांची चमक. त्यावेळी मी दातांवरून नजर फिरवून पुढे गेलो होतो. आता विचारतो, आणि वेडा म्हणू नकोस: तुझ्या सासूबाई, मीराबाई, दात कशाने घासतात? सकाळपासून दारात वर्दळ कशाची असते?

सभेआधी एवढं पाहा. भट्टीतून निघालेला कोळसा आणि पिंपात पडलेला कोळसा, दोन्ही एकाच टोपल्याने मोजा.

तुझा,
गुलाब


धानवडी
१८ जानेवारी १९८०

चि. गुलाब यास आशीर्वाद.

तुझं पत्र काल आलं आणि सभा परवाच झाली. तुझ्या प्रश्नाचं उत्तर सभेतच मिळालं होतं. बसला आहेस ना?

सभेत रूपराव उभे राहिले. तुला आठवत असतील, पान नाही, तंबाखू नाही, चहासुद्धा नाही, आणि हे सगळं नाही म्हणून दिवसातून तीनदा सांगणारे. त्यांनी सुरुवात केली, "या बायायच्या हलगर्जीपणानं कोळसा जळून राह्यला." तोंड उघडलं आणि सगळी सभा त्यांच्या तोंडाकडे पाहायला लागली. हिरड्या लालेलाल. जीभ लाल. दातांच्या फटीफटीत लाल. सदाशिवराव हळूच म्हणाले, "रूपराव, पान कधीपासून?" ते बिचारे भांबावले. धोतराच्या सोग्याने ओठ पुसला तर सोगाही लाल. आनंदाबाई मागून म्हणाली, "भाऊजी, नशीब समजा का लाल रंग चालू हाय. हिरवा असता तं?" मग सभा कुठली राहते रे! महादेव हसताहसता भिंतीला टेकला.

झालं होतं असं. रंगशाळेमागे रंगाने भरलेला, अजून न भाजलेला कोळसा वाळत घातलेला असतो. रूपराव पहाटे फिरायला येतात, त्यातला मूठभर उचलतात, घरी खलबत्त्यात कुटून त्याने दात घासतात. कशासाठी, तर सगळा गाव या कोळशाने दात घासतो आहे आणि सगळ्यांचे दात चमकतात म्हणून. गावातल्या बाया भाजलेला नेतात. मोजून नाही, ओंजळीने. प्रत्येक भाजणीचा.

आणि त्यांना तो देणारं घर आपलं.

मी हसत होते ती एकदम थांबले. भाजणीनंतर पदरात चार खडे मीच पहिल्यांदा घरी नेले होते, सासूबाईंच्या दाढेसाठी. भट्टीतून निघालेला, इतका स्वच्छ, त्यात मीठ घालून कुटून दिला. दाढ थांबली. पुढे त्या रंगशाळेत स्वतः यायला लागल्या, बाया त्यांना वाडगं भरून द्यायच्या, म्हाताऱ्या माणसाला नाही कोण म्हणणार? मला वाटायचं, एका म्हातारीच्या तोंडाला असा कितीसा लागतो. घरी सकाळी मी कामावर गेल्यावर काय चालतं ते मी कधी पाहिलंच नव्हतं. सासूबाई सभेत मागे बसल्या होत्या. उठून म्हणाल्या, "म्या वाटला. बायायले बोलू नका." आणि घरी निघून गेल्या.

घरी आले ती रागावूनच आले. म्हटलं, आई, तुमच्याच नवऱ्याने खणलेली विहीर तुम्ही वाटून टाकली. त्या डबा मांडीवर घेऊन बसल्या होत्या. म्हणाल्या, "मले काय माहीत पोरी, त्यानं विहिरीचं नुकसान होते म्हून. ज्यायच्या सासवा मले वरून पानी ओतत होत्या, त्यायच्या सुना माह्या दारात येऊन हात पसरून राह्यल्या. म्या वरून टाकतो अन् त्या खाली ओंजळ धरते. थोडं आणखी दे ना मीराबाई, म्हणते. म्या नाई कशी म्हणू?"

गुलाब, मला पुढे रागावता आलं नाही. मी त्यांच्याजवळ जाऊन बसले. त्यांनी डब्याचं झाकण लावलं आणि डबा माझ्या हातात दिला. चिंधूबाबा दारात उभे होते, त्यांनी ऐकलं. जाताना सासूबाईंना म्हणाले, "उद्या पानी भराले येजो, मीरा. विहीर हाय अजून."

घट थांबवून दाखवायला सभेने दोन महिने मुदत दिली आहे. पहिल्यांदा रूपरावांनीच हात वर केला. तोंड मात्र उघडलं नाही.

पण सासूबाई कालपासून दाराशी बसत नाहीत. बाया येतात आणि परत जातात. हे काही मला बघवत नाही.

तुझी,
तानाबाई


अंबरनाथ
१ फेब्रुवारी १९८०

ती. बाईस, सप्रेम जय भीम.

रूपरावांचा प्रसंग वाचून मी प्रयोगशाळेत एकटाच एवढ्या मोठ्याने हसलो की पहारेकरी पाहायला आला. मग पुढचं वाचलं आणि पत्र मिटून खिशात ठेवलं. दुपारी जेवताना पुन्हा काढलं. पोळी तशीच राहिली.

मी महिनोन् महिने हवेला दोष दिला, तुला दोष दिला, मातीला दिला. हातांनी जाणारी घट आमच्या पुस्तकात नव्हती.

आता कामाचं. तो कोळसा कोणीही तोंडात घालायचा नाही. भाजलेला असला तरी नाही. त्याने काय काय पिऊन ठेवलं आहे आणि भट्टीत त्यातलं किती गेलं, हे मी इथे बसून सांगू शकत नाही. हे सगळ्यांना सांग, पण मीराबाईंचा डबा बंद करू नकोस. बाभळीची लाकडं घे. त्याच भट्टीत, वेगळ्या मडक्यात, तसंच झाकण लिंपून त्यांचा साधा कोळसा करा. बारीक कुटा, वस्त्रगाळ करा, त्यात सैंधव आणि थोडी लवंग घाला. ते मंजन या कोळशाहून चांगलं होईल. मडक्यावर खूण करा म्हणजे गल्लत होणार नाही. आणि ते मीराबाईंच्याच दारात, त्यांच्याच हातून मिळू दे. सदाशिवरावांना सांग, ही केमिस्टची अट आहे.

माझ्या ओळखीवर एक पोतं पाठवतो आहे. वाळत घातलेल्या कोळशावर जाळी टाका. रूपरावांना जाळीचं कारण सांगायची गरज नाही.

तुझा,
गुलाब


धानवडी
८ जून १९८०

चि. गुलाब यास आशीर्वाद.

फेब्रुवारीपासून तीन भाजण्या झाल्या. दहा वाट्यांमागे एक वाटीही जात नाही. पिंप भरलेलं आहे. कमिटीने रंगशाळा चालू ठेवायचा ठराव केला आणि खाली पहिली सही रूपरावांची आहे.

मे महिन्यात विहीर उपसली. अख्खी वस्ती लागली होती. गावातून आनंदाबाई आली, महादेव आला, मी कोणाला बोलावलं नव्हतं. तळाचा गाळ काढला तेव्हा बाजूच्या दगडावर पहारीच्या खुणा दिसल्या. चिंधूबाबा वरून ओरडून सांगत होते, कोणती कोणाची. माझ्या सासऱ्यांची सगळ्यात खाली होती. नवं पाणी आलं, आरोग्यखात्याच्या माणसाने येऊन त्यात औषध टाकलं, आणि पाणी गुलाबी झालं! चिंधूबाबा त्याच्या अंगावर धावून गेले. तो बिचारा सांगतो आहे, जंतू मारायचं औषध आहे, दोन दिवसांत रंग जातो, पण ऐकतो कोण. मी मध्ये पडले नसते तर तो आरोग्यवाला आज सेवाग्रामच्या दवाखान्यात असता.

मग नागपूरच्या प्रयोगशाळेत पाणी पाठवलं. परवा कागद आला. पिण्यास योग्य. सदाशिवरावांनी तो वस्तीत येऊन मोठ्याने वाचला, आणि या वेळी सगळं सगळ्यांना कळलं.

सासूबाईंचं मंजन आता सेलूपर्यंत जातं. डबा मोठा घेतला. सकाळी दारात बसतात, वर्दळ असते. मागच्या सोमवारी रूपराव स्वतः आले. दारात उभे राहिले, इकडेतिकडे पाहिलं आणि हात पुढे केला. सासूबाईंनी त्यांना उभं राहू दिलं नाही. म्हणाल्या, "बसा ना भाऊ. पानी घेता?" आणि आत जाऊन विहिरीचं पाणी पेल्यात घेऊन आल्या. पेला त्यांच्या हातात दिला. वरून ओतलं नाही. रूपराव प्यायले आणि म्हणाले, "गोड हाय." नंतर सासूबाई मला म्हणाल्या, "मले येत होतं वरून ओतणं. पण म्या नाई ओतलं." हे सांगताना त्यांचे डोळे भरले होते. माझेही भरले.

बाटली पाठवते आहे. ही तपासायला नाही. तपासून झालं आहे. ही तुला प्यायला.

तुझी,
तानाबाई


अंबरनाथ
२२ जून १९८०

ती. बाईस, सप्रेम जय भीम.

बाटली मिळाली. सवयीने हातात घेऊन उजेडाकडे धरली, मग खाली ठेवली.

आमच्या धंद्यात पहिला नियम शिकवतात की बाटलीतलं काहीही तोंडाला लावायचं नाही. नोकरी लागल्यापासून एकदाही मोडला नव्हता. संध्याकाळी घरी गेलो, पेला घासून घेतला, खुर्चीवर बसलो आणि तुझं पाणी प्यायलो. तपासलं नाही. मीराबाईंना सांग, पेल्याने प्यायलो, बसून.

दिवाळीची रजा मंजूर झाली आहे. रिकामी बाटली या वेळी कोणाबरोबर पाठवत नाही. मीच घेऊन येतो. सकाळची पहिली बादली माझ्यासाठी ठेव.

तुझा,
गुलाब